गरीब घोडी

दोन हजार तेवीस साल. आधार कार्डाप्रमाणे मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो. खरं साल कोणालाच ठाऊक नाही. आई म्हणायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला; शाळेच्या मास्तरनं माझ्या तोंडाकडं पाहून एक साल लिहून टाकलं, तेच आजवर चालते. ती शाळाही चौथीत सुटली. पुढचं शिक्षण घोड्यांनी दिलं. त्या मास्तरांकडं छडी नव्हती, लाथ होती, म्हणून त्यांचं शिकवलेलं आपल्याला पक्कं आलं असं मी समजत होतो.

दिवाळी अंक काढणारे गुरुजी मला म्हणाले, "काका, वरातीच्या गमती लिहा. नवरदेव पडला, घोडी पळाली, असं काही." माझ्या घोडीवरून एकही नवरदेव पडला नाही, हे आधी लिहून ठेवतो. एक बँकेतला कारकून मात्र चढल्याबरोबर दोन्ही हातांनी आयाळ धरून बसला, कट्यार खाली पडली, बाशिंग डोळ्यावर आलं, आणि मला हळूच विचारते, "मामा, हिचा ब्रेक कुठं आहे?" मी म्हटलं, "ब्रेक मीच आहे. तू देवाचं नाव घे." झाल्या गमती. मला ज्या घोडीबद्दल लिहायचं आहे ती वरातीची नव्हती, माझीही नव्हती, आणि दीड महिना तिनं माझ्या डोक्याचा भुगा केला.

आधी धंदा थोडा सांगावा लागेल. टांगा मी बावीस वर्षं हाकला, स्टेशन ते बाजार. ऑटो आले, टांग्याची लाकडं झाली. मग दोन पांढऱ्या घोड्या घेऊन वरातीच्या कामात शिरलो, बिजली आणि चांदणी. बिजली करोनाच्या वर्षी पोटशूळानं गेली, एका दिवसात. मी दुसरी घेतली नाही. वराती बंद, माझं वय झालेलं, एक पुरे.

बाहेरच्या माणसाला वाटते, घोडीवर झूल टाकली, पायात घुंगरू बांधले की झालं काम. घोडं हे जन्मानं पळणारं जनावर आहे. गायीला शिंग आहे, कुत्र्याला दात आहे. घोड्याकडं पळण्याशिवाय दुसरी विद्या नाही. त्याच्या कानाशी बँड वाजवायचा, पायाखाली फटाक्याची लड लावायची, पाठीवर घाबरलेला माणूस बसवायचा, आणि म्हणायचं, आता पळू नको. हे शिकवणं म्हणजे आमचा धंदा.

म्हणून आमच्यात घोडीची तारीफ करायला एकच शब्द आहे: गरीब. बाजारात कोणी घोडी देखणी आहे म्हणाला, तर समजा खोड लपवून राह्यला. चपळ आहे म्हणाला, तर चावते. पण 'गरीब आहे' म्हणाला की गिऱ्हाईक जवळ येते, पोटाखालून हात फिरवते, पाय उचलून पाहते. गरीब म्हणजे लेकराबाळांत सोडावी अशी. आणि मी छातीवर हात ठेवून सांगायचो, अख्ख्या आदिलाबादेत माझ्या चांदणीइतकी गरीब घोडी नाही. आधी ती खोडकर होती, माझ्या खिशातला रुमाल ओढून पळायची. पुढं शहाणी झाली. शेजारी छत टाकायला काँक्रीटची मशीन लागली, दिवसभर खडखड. चांदणीनं कान हलवला नाही. डोळ्यावर माशी बसली तरी मान झटकत नाही. हावरटही नाही. लांब गव्हाणीत भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी टाकली की आपल्या बाजूची खाते आणि दुसरी अर्धी तशीच ठेवते. मी लोकांना बोलावून दाखवायचो.

वसंतराव इंजिनियर तसेच पाहायला आले. माणूस आमच्याच गावचा. नोकरी सारी बेल्लमपल्लीकडं, कोळशाच्या खाणीत झाली. रिटायर होऊन परत आले आणि उटनूरच्या रस्त्यावर, गावापासून दोन कोसावर, तीन एकर जमीन घेऊन तारेचं कुंपण केलं. वाईट नाहीत. फक्त सगळं त्यांना आधीच ठाऊक असते. चांदणीकडं पाच मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "गंगारामभाऊ, मला अशीच गरीब घोडी पाहिजे. सकाळी तासभर बसायचं, मग दिवसभर ती कुरणात चरेल."

"दोन घ्या साहेब," मी म्हटलं. "एकटं घोडं नाही राहत."

"दोन कशाला? बसणारा मी एकटाच आहे."

मग मला न घेताच ते माळेगावच्या जत्रेला गेले. पन्नास वर्षं घोड्यात घातलेला माणूस घरी बसला, आणि साहेब मोबाईलमध्ये घोड्याचे दात कसे मोजावेत ते पाहून घोडी घेऊन आले. चार वर्षांची तांबडी, कपाळावर पांढरी टिकली. नाव ठेवलं रोझी. त्यांच्या शेतावर राखण करणारी सोमबाई, इंद्रवेल्लीकडची गोंड बाई, साठीच्या पुढची. तिच्या तोंडात ते 'रोजी' झालं. "रोजी पळून राह्यली, रोजी ओरडून राह्यली," असं ती सांगायची. ऐकणाऱ्याला वाटावं दिवसाची मजुरीच पळाली.

माघ महिन्यात साहेबांचा फोन आला. "गंगारामभाऊ, घोडी वेडी झाली. लवकर या."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

गेलो. फाटकातूनच आवाज आला. तारेच्या आतून इकडून तिकडं पळून पळून तिनं जमिनीत नालीच पाडली होती. बोअरच्या पाण्यावर साहेबांनी गुडघाभर हिरवं गवत वाढवलं होतं, त्याला तोंडही लागलेलं नाही. काखेत फेस, लीद पातळ, छातीवर तारेचा ओरखडा. रस्त्यानं ट्रक गेला की थांबायची, कान पुढं करायची, खिंकाळायची. ट्रक काय उत्तर देणार? पुन्हा पळणं सुरू.

शेडच्या भिंतीला आलमारीचा भलामोठा आरसा टांगलेला होता.

"हे काय हो साहेब?"

"मोबाईलमध्ये होतं. घोड्याला वाटतं समोर दुसरा घोडा आहे. एकटेपणा जातो."

"तुमी एकटे जेवता तेव्हा आरशासमोर बसता काय?"

सोमबाई शेण गोळा करत होती. ती म्हणाली, "पाह्यलं तिनं आरशात. पाह्यलं अन् लाथ मारली. ते बघ खाली चीर गेली."

आरसा कमी होता म्हणून साहेबांनी झाडाला स्पीकर बांधून त्यावर बासरी लावली होती. मी आधी ती बंद करायला लावली, मग त्यांना बसवून सांगितलं. घोडं उभ्यानं डुलकी घेते, पण खरी झोप त्याला आडवं पडल्यावर येते. आणि आडवं ते तेव्हाच पडते जेव्हा दुसरं कोणी उभं राहून पहारा देते. एकटं असलं की पहारेकरीही तेच आणि झोपणारंही तेच. ही घोडी आल्यापासून झोपलेली नाही. ती वेडी नाही, ती ड्युटीवर आहे.

"मग उपाय?"

"दुसरं घोडं."

"ते सोडून सांगा. हिच्यावरूनच घरात रोज ऐकून घेतो. बायको म्हणते शेतावर येणार नाही, शेजारी म्हणतात तक्रार करतो. वीटभट्टीवाला मागून गेला आहे, ओढकामाला. होळीपर्यंत तुमच्या चांदणीसारखी गरीब झाली तर ठेवतो, नाहीतर देऊन टाकतो." मग म्हणाले, "नाहीतर असं करा. तुमची चांदणीच आणून ठेवा इथं. गवत आहे, पाणी आहे, घरी बांधूनच असते ना ती."

"माझी घोडी दुसऱ्याच्या गवतावर उभी नाही राहत," मी म्हटलं.

यात रागावण्यासारखं काय होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या घोडेवाल्यांत घोडी दुसऱ्याच्या कुरणात सोडली म्हणजे मालकानं हात टेकले, त्याला ती पोसवत नाही, असा अर्थ होते. बाजारात बातमी पोचायला तासही लागत नाही. उपाशी राहीन, पण माझ्या घोडीचा तोबरा माझ्याच हातानं भरीन, हे मी तिशीत ठरवलं होतं आणि बहात्तरीत मोडायचं काही कारण नव्हतं. वर त्यांना सांगून बसलो, "होळीच्या आत गरीब करून देतो. माझं नाव गंगाराम."

वीटभट्टीवर गेलेली घोडी मी पाहिलेली आहे. दोन उन्हाळे टिकते. म्हणून गेलो, फक्त नावासाठी नाही. पण नावासाठीही गेलो.

सकाळच्या उटनूर बसनं रोज जाऊ लागलो. पहिले आठ दिवस मी काहीच केलं नाही. कुरणाच्या मधोमध स्टूल टाकून बसायचो. साहेब तारेपलीकडून विचारायचे, "सुरुवात कधी करता?" आता याला काय सांगावं? घोड्याच्या मागं धावून घोडं शांत होत नाही. तुम्ही बसा, तंबाखू मळा, त्याच्याकडं पाहू नका. तुम्हाला कशाची भीती नाही हे त्याला हळूहळू पटते. चौथ्या दिवशी ती दहा पावलांवर येऊन उभी राहिली. सातव्या दिवशी माझ्या स्टुलाभोवती चरू लागली. गवत तोडण्याचा तो कर्रकर्र आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझाच डोळा लागला. उठून पाहतो तर ती अजून तिथंच.

पण चारच्या बसला मी उठलो की सगळं मुसळ केरात. फाटकापर्यंत मागं यायची, आणि मी रस्त्याला लागलो की जे खिंकाळणं सुरू व्हायचं ते बस येईपर्यंत कानात. कंडक्टरबाई तेलुगू, मला तातय्या म्हणायची, म्हणजे आजोबा. "तातय्या, गुर्रम एट्लुंदि?" घोडं कसं आहे, रोज विचारायची. मी म्हणायचो, "ऐकू येऊन राह्यलं ना, तसंच आहे."

घरी अनसूया डबा बांधताना पुटपुटायची. अनसूया माझी बायको, पंचेचाळीस वर्षांची संगत, आणि तेवढ्या वर्षांत तिनं माझी एक चूक विसरलेली नाही.

"दिवसभर त्या घोडीपाशी बसता. माह्यापाशी कधी घडीभर बसले होते का असे?"

"तू काय तार तोडून राह्यली काय?"

"तोडली असती तं बसले असते वाटते."

डबा घेऊन निघून जायचं.

मग सोमबाईनं तिची लंगडी बकरी आणून सोडली. मला न विचारता. मी म्हटलं, घोड्याला घोडा पाहिजे, बकरीनं काय होते? दोन तासांनी पाहतो तर घोडी बकरीच्या मागं मागं चालते आहे आणि बकरी तिला काडीचीही किंमत देत नाही. त्या दिवशी मी बसला गेलो तर मागून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी सोमबाई म्हणाली, "सकाळी झोपली होती, पाय पसरून. मले वाटलं मेली."

"कोण?"

"तुझी रोजी."

मला आनंद झाला आणि रागही आला. पन्नास वर्षांचा माझा धंदा, आणि लंगडी बकरी पुढं निघून गेली. पण तिसऱ्या दिवशी बकरीनं साहेबांच्या आंब्याची अकरा कलमं शेंड्यापासून बुडापर्यंत खाल्ली. साहेब ती कलमं दूरहून गाडीत मांडीवर ठेवून घेऊन आले होते. मी पुष्कळ सांगितलं की बकरी बांधून ठेवू, कलमांना काटे लावू.

"बकरी इथं राहणार नाही," साहेब म्हणाले. "मी घोडी घेतली आहे, बकरी नाही."

"तिले इचार ना, तिले काय पाहिजे," सोमबाई म्हणाली. ती सगळ्यांना 'तू' म्हणते, साहेबांनाही.

बकरी गेली. घोडी पहिल्यापेक्षा वाईट झाली. आधी ती कोणाला तरी शोधत होती, आता तिला ठाऊक झालं होतं की होतं ते गेलं. तार तोडून अर्धी बाहेर आली, गुडघा सोलला. होळीला बारा दिवस राहिले होते. वीटभट्टीवाला येऊन तिच्या मांड्या दाबून पाहून गेला, बैलाच्या पाहतात तशा. जाताना मला म्हणते, "काका, तुमच्यानं होत नसलं तर राहू द्या. आमच्याकडं आपोआप गरीब होते."

ते मला लागलं. आणि लागलं की मी काय करतो हे अनसूयेला विचारा.

टांगा मी महबूबचाचांकडं शिकलो. ते माझे उस्ताद. ओरडणाऱ्या घोड्याचं त्यांचं औषध एकच होतं. पुढं दोन दोर, मागं दोन दोर, म्हणजे अगाडी-पिछाडी, असं चारी बाजूंनी आवळायचं, तोंड भिंतीकडं. रस्ता दिसू नये, माणूस दिसू नये. चारा-पाणी ठेवायचं, पण बोलायचं नाही, हात लावायचा नाही. "चिल्लाने दो. थकेगी तो सुधरेगी." टांग्याच्या दिवसांत मी अशी सात-आठ घोडी सुधारली आहेत. मला कोणी विचारलं असतं तर मी ते शहाणपण म्हणूनच सांगितलं असतं.

शेडमध्ये खुंट ठोकले आणि रोझीला भिंतीकडं तोंड करून बांधली. सोमबाई दारात उभी होती.

"हे काय करून राह्यला दादा?"

"औषध."

"तिले झालं काय, तं औषध?"

"तू तुझ्या बकऱ्या पाह्य," मी म्हटलं.

चार दिवस ती ओरडली. भिंतीला आवाज आपटून परत यायचा. पाचव्या दिवशी आवाज बसला, नुसती हवा निघायची. सातव्या दिवशी तीही थांबली. मी रोज जाऊन पाणी ठेवत होतो आणि ठरल्याप्रमाणे एक शब्द बोलत नव्हतो. ती मान वळवून पाहायची, दोर पुरायचा नाही. आठव्या दिवसापासून तिनं मान वळवणं सोडलं.

दहाव्या दिवशी साहेब पेढे घेऊन आले. बायकोलाही आणलं होतं, त्या पहिल्यांदाच आल्या. साहेबांनी सोमबाईच्या हातून शेणाचं घमेलं घेतलं आणि घोडीच्या कानापाशी दगडानं बडवलं. रोझीनं कान हलवला नाही. पुन्हा बडवलं. काही नाही.

"वा," साहेब म्हणाले. "गंगारामभाऊ, मानलं तुम्हाला. हुबेहूब तुमची चांदणी. पाहा, उभीही तशीच राहते." आणि भट्टीवाल्याला तिथूनच फोन लावून सांगितलं की घोडी द्यायची नाही.

माझ्या हातात पेढा होता. मी जिंकलो होतो. घोडी वाचली होती, नाव राहिलं होतं. फोटो काढायला साहेबांनी मला तिच्या बाजूला उभं केलं, तेव्हा मी तिच्याकडं नीट पाहिलं, दहा दिवसांत पहिल्यांदा. मान खाली, कपाळ जवळजवळ भिंतीला टेकलेलं. खालचा ओठ लोंबलेला. कान ना पुढं ना मागं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती, आणि रोझी ती उडवत नव्हती.

साहेब आणि बाई आंब्याची नवी कलमं पाहायला गेले. सोमबाई घमेल्यात पुन्हा शेण भरू लागली. मान वर न करता म्हणाली, "त्या तुझ्या घरच्या घोडीले बी असंच बांधलं होतं का?"

"नाही. तिला काही करावं लागलं नाही. ती आपल्या मनानं गरीब झाली."

"कवापासून?"

"झाली तीन वर्षं. ती दुसरी होती ना माझी, बिजली, ती मेली तेव्हापा..."

सोमबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि निघून गेली. ती काही बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

मी रोझीची पिछाडी सोडली, अगाडी सोडली. चारही दोर तिच्या पायाशी पडले. म्हटलं, "जा." दार उघडं होतं, बाहेर गुडघाभर गवत. ती हलली नाही. तोंडाची मोहरकी धरून ओढली तर एक पाऊल आली, सोडली तर पुन्हा भिंतीकडं. त्या दिवशी चारच्या बसला निघालो तेव्हा मागून काहीच आवाज आला नाही. कंडक्टरबाई म्हणाली, "तातय्या, गुर्रम चुप झालं?" मी तिकीट घेतलं आणि खिडकीकडं तोंड करून बसलो.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. चांदणी पडवीत उभी होती, जशी तीन वर्षं उभी आहे. ती कुठं तोंड करून उभी राहते हे मला कोणी विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो. रोज पाहतो म्हणून पाहत नव्हतो. ती भिंतीकडं नाही, बिजलीच्या खुंटाकडं तोंड करून उभी होती. खुंट मी काढला नव्हता, आळस म्हणून. गव्हाणीत सकाळची अर्धी चंदी तशीच होती. बिजलीच्या बाजूची.

अनसूया तांदूळ निवडत बसली होती.

"ही अर्धी चंदी काऊन ठेवते?" मी विचारलं.

"तुमीच तं सांगता लोकाले. हावरट नाही म्हणून."

"तुला काय वाटते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मी तवाच म्हटलं होतं, दुसरी आणा नाईतं हिले कुठं जोडीत ठेवा. तुमी म्हणाले, घोड्यातलं तुले काय समजते."

म्हणालो होतो. मला आठवते. मी जिन्याखाली बसून खरारा साफ करत होतो आणि मान वर न करता म्हणालो होतो. साहेबांना 'दोन घ्या' म्हणून शिकवणारा माणूस मीच, आणि घरी 'एक पुरे' म्हणणाराही मीच. महबूबचाचांच्या औषधानं सुधारलेली ती सात-आठ घोडी एकेक करून डोळ्यासमोर आली. त्यातलं एकही मला आता सुधारलेलं दिसेना. आता त्यांचं काही करता येत नाही. कोणाकडं जाऊन काय सांगणार.

"उद्या डबा नको," मी म्हटलं. "मी बसनं नाही जाणार."

अनसूया म्हणाली, "पायात ते जुने बूट घाला. चपलेनं दोन कोस होत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांदणीला खरारा केला, खूर साफ केले, झूल घातली नाही, घुंगरू बांधले नाहीत, नुसता मोहरकीचा दोर धरून उटनूरच्या रस्त्याला लागलो. चहाच्या टपरीवरून कोणीतरी विचारलं, "काका, इतक्या सकाळी कोणाची वरात?" दुसऱ्यानं विचारलं, "घोडी कुठं चालली?" मी थांबून नीट सांगितलं, "वसंतराव इंजिनियरच्या कुरणात. तिथंच राहणार आहे." तासाभरात बाजारभर होईल हे मला ठाऊक होतं. होऊ द्या म्हटलं. मागून बस आली, कंडक्टरबाईनं खिडकीतून हात केला, आणि चांदणी हॉर्नला दचकली नाही. नेहमीसारखी मान खाली घालून माझ्यामागं चालत राहिली. गरीब.

शेत दिसायला अर्धा फर्लांग राहिला असेल. रस्त्याला वळण आहे, वळणावर पळसाची झाडं आहेत. तिथं ती थांबली. मी दोर ओढला. नाही आली. मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या, कान पुढं केले, आणि खिंकाळली. तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मग आम्ही दोघंही उभे राहिलो. तिकडून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा हाक दिली. काही नाही. मी म्हटलं, चल, काही उपयोग नाही, उशीर झाला आपल्याला.

तेव्हा शेडमधून आवाज आला. बसलेला, फाटका, अर्धी हवाच, पण आला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी पडलो होतो. पन्नास वर्षांत माझ्या घोडीनं माझ्या हातातला दोर ओढलेला नाही. त्या सकाळी तिनं मला काटेरी बाभळीतून, नालीतून, साहेबांच्या नव्या कलमांवरून फरफटत नेलं. दोर मनगटाला वेढा घालून होता. पायजमा फाटला, एक बूट कुठं गेला कळलं नाही. सोमबाई फाटक उघडून बाजूला उभी राहिली आणि तोंडावर पदर घेऊन हसत होती. रात्री शेतावरच राहिलेले साहेब शेडच्या दाराशी हातात दात घासायचा ब्रश घेऊन उभे होते. म्हणाले, "गंगारामभाऊ, ही तर गरीब आहे म्हणत होता."

मी चिखलात बसूनच चांदणीला एक चांगली शिवी दिली, मनगटाचा वेढा काढला, आणि दोर सोडून दिला.